माळ्यावरचं जॅकेट आणि इतर खरेद्या: नेमबाजीचं सामान घेताना काय काय झालं? (अनुभव धागा)

गंगापूररोडवाली

दिवाळीचा माळा काढला. पत्र्याच्या पेटीमागे लेकाचं शूटिंगचं जॅकेट उभं होतं. उभं म्हणजे खरंच उभं, आत माणूस नसताना. कॅनव्हास आणि चामडं इतकं ताठ की त्याची घडीच होत नाही. ह्यांनी शिडीवरून डोकं वर काढलं आणि "कोण आहे वर?" म्हणून किंचाळून खालीच उतरले.

मग सगळं आठवत बसले. लेक सहावीत असताना एअर रायफलचं खूळ लागलं. आमच्या सात पिढ्यांत कोणी बंदूक पाहिलेली नाही. दुकानदार म्हणाला, वाढत्या अंगाचं घ्या, दोन मापं मोठं, दहावीपर्यंत चालेल. मला ते शाळेच्या गणवेशासारखं अगदी पटलं. रेंजवर सरांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "ताई, हा काय रेनकोट आहे का? जॅकेट सैल असलं तर पाठीला आधार कुठून मिळणार?" परत घ्यायला दुकानदार तयार नाही. आमच्या शिंप्याच्या दोन सुया मोडल्या. शेवटी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे एक चाचा होते, त्यांनी बटणं सरकवून दिली. आधी उलटंसुलटं करून विचारलं, "घोड्याचं खोगीर आहे का?" शिवणावळ घेतली दीडशे. चौदा हजारांच्या वस्तूला जे जमलं नाही ते दीडशेत झालं.

लेक आता बंगळुरूला, रायफल केव्हाच विकली. जॅकेट मात्र ह्यांना घाबरवायला राहिलं. तुमच्याकडे काय काय आणून पस्तावलात ते लिहा. छर्रे, दुर्बिणी, बॅगा, काहीही चालेल.

सातपूरचा लेथवाला

ताई हसून हसून मेलो. माझं ऐका. पहिली गन स्प्रिंगची घेतली आणि वर दुर्बीण बसवली, दुकानदार म्हणाला हीच मोठ्या रायफलीवर चालते मग हिला काय होतंय. पंधरा दिवसांत आतली आडवी रेघ तिरकी झाली, मग गळून पडली. नंतर कळलं की स्प्रिंगची गन आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, आणि साध्या दुर्बिणीच्या भिंगांना पुढचा झटका सोसत नाही. स्प्रिंगरसाठी वेगळी मिळते. दुकानात परत गेलो तर म्हणे वॉरंटी "खऱ्या रायफलीवर" वापरली तरच. मग ही काय पिचकारी होती का

नाशिकरोडकर

स्वप्नील कुसाळेचं पदक आलं (१ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० मीटर थ्री पोझिशन) त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या चार घरांनी गन घेतल्या. मुलगा कोल्हापूरकडचा, पण सुरुवातीला आपल्या नाशिकच्याच क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, म्हणजे अर्धा आपलाच. आता त्यातल्या तीन गनवर कपडे वाळत घालतात.

लेथवाला

@नाशिकरोडकर चौथीचं काय

नाशिकरोडकर

चौथी गच्चीवर कबुतरांना *दाखवायला* ठेवलीय. कबुतरं तिच्यावरच बसतात.

अनुजा_सिडको

सेकंडहँड रायफल घेणाऱ्यांनो, हवेच्या सिलिंडरवरचा तारखेचा शिक्का आधी वाचा!! आम्ही मुलीसाठी एक नामांकित जर्मन मेकची रायफल घेतली. स्टॉक (दस्ता) चकाचक, ट्रिगर तर लोण्यासारखा. ओरखडा नाही म्हणून किती खूश. स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर त्या बाईंनी सिलिंडर गोल फिरवला, महिना आणि वर्ष वाचलं आणि बाजूला ठेवला. दहा वर्षांची मुदत उलटून गेलेली. २०० बार दाबाची हवा भरतो आपण त्यात, गालाला चिकटून, आणि आम्ही बघत होतो ओरखडे. मुलीने दुसऱ्या एका मुलीचा जादा सिलिंडर लावून मॅच मारली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, हवा तर तीच असते ना."

गंगापूररोडवाली

"हवा तर तीच असते" 😂 हे मी फ्रेम करून लावते.

निफाडची_थंडी

आमच्याकडे वस्तू चांगली होती, शहाणपण आमचं. दादाने एअरगनला तेल म्हणून खोबरेल घातलं. "शुद्ध आहे." डिसेंबरात निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं आतलंही थिजलं. ट्रिगर दाबला तर काहीच नाही, आजीच्या शेगडीजवळ धरल्यावर टक् करून सुटली. आजीने दोघांना झाडूने हाणलं. नंतर एकाने सांगितलं की स्प्रिंग गनच्या हवेच्या नळीत तसंही कुठलंच तेल सोडायचं नाही, दाबाने गरम होऊन पेटतं आणि धूर येतो. तेही करून पाहिलं होतं आम्ही. धूर आल्यावर वाटलं होतं गन जोरदार झाली.

पंचवटी_पासधारक

मुलाला वरळीच्या रेंजवर न्यायचो, पंचवटी एक्सप्रेसने. काळी लांब बॅग. इगतपुरीपर्यंत एकाने तरी विचारायचंच, "गिटार का?" आधी खरं सांगायचो, मग शेजारची बाई उठून दुसरीकडे जायची. नंतर हो म्हणायला लागलो. एकदा समोरचे काका म्हणाले वाजवून दाखव रे बाळा. पोरगा म्हणाला, तार तुटलीय.

बॅगेबद्दल एकच. चाकांची घेऊ नका, नाशिकरोडच्या जिन्यावर चाकं काही कामाची नाहीत. खांद्याला दोन पट्टे असलेली घ्या.

मखमलाबादचा शेतकरी

रानडुकरं आणि वानरं फार झालीत मळ्यात. एअरगन चालेल का? कोणती घ्यावी

नाशिकरोडकर

दादा, नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. ०.१७७ इंची नळीची, २० ज्यूल ताकदीच्या आतली एअरगन विनापरवाना घरात ठेवता येते म्हणून वानरावर चालवता येते असं नाही. आणि मरत तर नाहीच, जखमी वानर जास्त वाईट.

मखमलाबादचा शेतकरी

मारायचं नाही हो हाकलायचं आहे

लेथवाला

मग गोफण! आमच्या मामांकडे दिंडोरीला द्राक्षबागेवर अजून गोफणच आहे. सुताची विणलेली, आवाज असा फट्ट येतो की पाखरांचा थवा उठतो. खर्च शून्य, परवाना नको, आचारसंहितेत जमा करायला नको.

मखमलाबादचा शेतकरी

गोफण आहे. खांदा नाही राहिला आता

जुना_देवळालीकर

आचारसंहितेवरून आठवलं. आमच्या आजोबांची बारा बोर होती, परवान्याची. प्रत्येक निवडणुकीला गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर पावती दाखवून परत. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, असं करत करत बंदूक घरापेक्षा ठाण्यात जास्त राहिली. आजोबा म्हणायचे, "ती तिकडची सून आहे, सणाला येते."

त्या बंदुकीसाठी मी पहिल्या पगारात कॅम्पातून चामड्याचं कव्हर घेतलं. इतकं घट्ट की बंदूक आत गेली ती निघेना. जमादाराने ठाण्यात चौघांना धरायला लावलं. पाचव्या दिवशी वडिलांनी ब्लेडने कव्हर कापलं.

मीरा_इंदिरानगर

माझी लेक उजव्या हाताने लिहिते म्हणून उजवी पिस्तूल ग्रिप घेतली, मापाची अक्रोडाची. तीन महिने गोळ्या डावीकडे. सगळे म्हणाले सराव कमी. मग एका सिनियर ताईने कागदाला भोक पाडलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचं घड्याळ त्यातून बघायला लावलं, आणि एकेक डोळा मिटवला. उजवा मिटला तरी घड्याळ दिसतंय, डावा मिटला की गायब. म्हणजे डोळा डावा, हात उजवा. हे पाच मिनिटांचं काम आम्ही खरेदीच्या आधी केलं नाही. आता काय, डाव्या डोळ्यावर साधी पांढरी पट्टी लावते, झालं. पट्टी घरच्या आइस्क्रीमच्या डब्याची.

गंगापूररोडवाली

डब्यावरून, मीरा. आमच्याकडे छर्ऱ्यांचे ते गोल चपटे पत्र्याचे डबे साठले होते, ५०० छर्ऱ्यांचे. झाकण इतकं छान बसतं की सासूबाईंनी त्यात मोहरी-जिरं भरलं. अजून मिसळणाच्या कपाटात दोन आहेत.

अनुजा_सिडको

ताई!!! ते छर्रे शिशाचे असतात. डब्यात काळपट भुकटी राहते, धुऊनही खात्री नाही. आजच्या आज काढा.

मीरा_इंदिरानगर

+१. आमचे सर रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीलाही हात लावू देत नाहीत. आणि छर्रे तोंडात धरायची सवय असते काही मुलांना, ती तर मोडाच.

गंगापूररोडवाली

अगं बाई. उठले. (सासूबाई ओरडतायत, मोहरी कुठे ओतलीस)

निफाडची_थंडी

ताईंच्या फोडणीला वजन असेल 🙈 बरं नाही हसत.

टाकेदचा_पक्षीवाला

बंदूक नाही पण दुर्बिणीचा अनुभव. नांदूर मध्यमेश्वरला जायचो (पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२० ला आलं, महाराष्ट्रातलं पहिलं). दुकानात शिकारी छाप, हिरवी, "५०-१०० पट" अशी दुर्बीण मिळाली. इतक्या मोठ्या पटीत हात जरा हलला की चमचा बदक क्षितिजावर उड्या मारतं. आता ८×४२ वापरतो. आठ पट म्हणजे कमी वाटतं ना? पण फ्लेमिंगो एका जागी थांबतो. जुनी दुर्बीण भाच्याला दिली, तो समोरच्या इमारतीत बघतो म्हणून बहिणीने काढून घेतली.

नाशिकरोडकर

चमचा बदक नाही हो, चमच्या. तो बगळ्या-करकोच्याच्या नात्यातला, बदकाचा काही संबंध नाही.

टाकेदचा_पक्षीवाला

चमच्या. फोनने बदक घातलं.

काळाराम_गल्ली

नवरात्रात कालिकेच्या यात्रेत फुगे फोडायची बंदूक. माझी पहिली आणि शेवटची. नळी वाकडी, नेम धरायची पुढची माशी सैल, फुगे मात्र चांगले फुगवलेले. लहानपणी कळलं की ती गन मालकाच्या पोराला बरोबर लागते कारण त्याला माहीत असतं किती डावीकडे धरायची. मी त्याला दोन रुपये दिले, त्याने सांगितलं, "बोटभर." बारापैकी नऊ फुटले. मालकाने पोराला मारलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

लेथवाला

@काळाराम_गल्ली अरे हाच खरा कोच

बाकी सुट्या भागांचं कोणी बोललंच नाही. सिलिंडरच्या तोंडाचा ओ-रिंग (रबराची कडी) गेला, मूळ कंपनीचा येईना, मी म्हटलं अंबडला हायड्रॉलिकवाला आहेच, मापाचा मिळाला चार रुपयाला. माप बरोबर, रबर वेगळं. सकाळी भरला की दुपारी फुस्स. दाबाच्या गोष्टीत जुगाड करू नये हे मी, लेथवाला, सांगतोय. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल मॅचच्या मध्येच बिघडलं होतं, लिव्हर गेला होता. तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी रात्री उठून आपापली टूलकिट तपासली.

अनुजा_सिडको

गंगापूररोडवाली ताई, एक विचारू? मुलीची उंची आता पाच-दोन झाली. जुनं जॅकेट खांद्यात बसेना, नवं परवडेना. तुमचं ते माळ्यावरचं केवढं आहे?

गंगापूररोडवाली

अगं ने ना! मोजून सांगते. दोन मापं मोठंच घेतलं होतं, चाचांनी बटणं सरकवली तेवढीच, कापड कापलेलं नाही. पैसे नकोत. फक्त स्पर्धेला वापरणार असशील तर सरांना जाडी तपासायला सांग, एका थराला अडीच मिलिमीटर धरतात, पॅच लावलेत आम्ही कोपराला.

अनुजा_सिडको

ताई 🙏 रविवारी सकाळी येऊ का? मिसळ माझ्याकडून.

गंगापूररोडवाली

ये. दहाच्या आधी नको. मोहरी परत आणायचीय, सासूबाईंचा रुसवाही काढायचाय. आणि येताना कोणालातरी बरोबर आण, जॅकेट अजून वरच उभं आहे. हे शिडीला हात लावत नाहीत.