गावठी अंडी आणल्यावर धुवावीत का? घरात दोन तट पडलेत

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात, वसंत विहारच्या बाजूला राहतो. येऊरच्या एक मावशी सोसायटीत गावठी अंडी देऊन जातात. अंडी ताजी असतात, त्याबद्दल वादच नाही. पण कवचाला पेंढ्याची काडी, एखादं पीस आणि अधूनमधून वाळलेली शिट चिकटलेली असते. सासूबाई ती लगेच सिंकमध्ये नळाखाली धरतात, भांड्यांच्या साबणाने काथ्याने घासतात आणि ओट्यावरच्या टोपलीत रचून ठेवतात. फ्रीजमध्ये नाही, कारण गार अंडं उकळत्या पाण्यात टाकलं की तडकतं. (हे मात्र खरं आहे.)

माझ्या वाचनात असं आलं की कवचावर मुळातच एक पातळ थर असतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती या थराने बुजलेली राहतात. घासलं की थर गेला. युरोपात बहुतेक ठिकाणी दुकानातली अंडी न धुताच विकतात. अमेरिकेत धुतात, पण मग थेट घरापर्यंत थंडच ठेवतात. आमच्याकडे धुणं अमेरिकेचं आणि ठेवणं युरोपचं!

कोरोनापासून घरात दुधाची पिशवीसुद्धा धुतल्याशिवाय फ्रीजमध्ये जात नाही. पण अंडं फोडलेल्या बोटांनीच मिठाचा डबा उघडला जातो, त्याचं कुणाला काही नाही. आमचे अहो राम मारुती रोडला उभं राहून पाणीपुरी खातात आणि घरी आल्यावर मला जंतूंवर व्याख्यान देतात, तो वेगळाच विषय.

तर शिट लागलेल्या अंड्याचं नक्की काय करायचं? मुलगी लहान आहे आणि सासऱ्यांना रोज हाफ फ्राय लागतं, म्हणून विचारतेय. जाणकारांनी कृपया सांगावं.

पाचपाखाडीची काकू: आमच्या आजोळी खुराड्यातून काढलेलं अंडं कुणी धुतल्याचं आठवत नाही. आम्हाला काही झालं नाही. अर्थात तिथे अंडी साठायचीच नाहीत, आणि खायची ती खरपूस पोळी करून.

खुराडेवाला: ताई, तुमचं बरोबर आहे. त्यातही गार पाणी सगळ्यात वाईट. अंडं पाण्यापेक्षा गरम असलं की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी जंतूंसकट छिद्रांतून आत ओढलं जातं. घाण कोरडी खरवडून पुसा आणि अंडी न धुता फ्रीजमध्ये ठेवा. धुवायचंच असेल तर वापरायच्या वेळी, हाताला गरम लागेल अशा पाण्याने, आणि लगेच शिजवा. फार बरबटलेलं किंवा तडा गेलेलं अंडं घेऊच नका, मावशींना परत द्या. एकदा फ्रीजमध्ये गेलेली अंडी पुन्हा ओट्यावर काढून ठेवू नका. ठाण्याच्या दमट हवेत त्यांना घाम सुटतो आणि त्या ओलीत जंतूंचं फावतं. उकडायला हवं तेवढंच काढा आणि गार पाण्यातच गॅसवर चढवा, म्हणजे तडकण्याचा प्रश्न उरत नाही.

आता हाफ फ्राय. साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, कोंबडीतूनच अंड्याच्या आत आलेला असू शकतो, त्याला तुमचा साबण काय करणार? ७० अंशांच्या वर गेलं की तो मरतो. बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. लहान मुलं आणि वयस्कर माणसांना वाहता बलक नकोच.

धागाकर्ती: सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना खरवडणं पटलं, पण कोणत्या फडक्याने पुसायचं म्हणून विचारतायत. सासरे हाफ फ्रायवरून रुसलेत.

खुराडेवाला: ओट्याचं फडकं अजिबात नको, तेच पुढे ताटाला लागतं. जुना वर्तमानपत्राचा कागद घ्या, पुसा, फेकून द्या आणि साबणाने हात धुवा. साबण तिथे वापरायचा. अंडी झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दारातल्या ट्रेमध्ये नको, दार सारखं उघडतं आणि तिथे गारवा टिकत नाही. काकांना बलक शिजलेलं फ्राय वरून मिरपूड घालून देऊन बघा.