अख्खा मसूर : दाणा मऊ आणि रश्श्याला तर्री कशी यावी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
स्वयंपाक रोजचाच असूनही अख्खा मसूर करताना दाणे कधी टणक राहतात, तर कधी फुटून वरणासारखे होतात, आणि घरचा कांदा-लसूण मसाला घालूनही रश्श्यावर तर्री येत नाही. नेमके कशाकडे लक्ष द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (इस्लामपूर)
टोमॅटो किंवा चिंच मसूर शिजण्यापूर्वी घालत असाल, तर ते आधी थांबवा. आंबटपणामुळे कडधान्य लवकर मऊ होत नाही, आणि बोअरचे जड पाणी असेल तर आणखी वेळ लागतो. मसूर तासभर भिजवून उघड्या पातेल्यात मंद आचेवर शिजवावा. दाणा बोटांत सहज चेपला, पण साल टिकून राहिली, की गॅस बंद करावा. कुकरच्या शिट्ट्या मोजून हे साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (कराड)
मिरचीचा लाल रंग पाण्यात नव्हे, तेलात उतरतो. त्यामुळे कांदा तपकिरी होऊन तेल सुटेपर्यंत परतावा, मग आच कमी करून मसाला घालावा, कारण त्यातले खोबरे आधीच भाजलेले असल्याने तो क्षणात करपतो. लगेच आधणाचे पाणी ओतावे. (तेलात काटकसर आणि वर तर्रीची अपेक्षा, हे एकदम जमायचे नाही.)

प्रतिसाद (मिरज)
हळद मात्र फोडणीतच घाला, नंतर वरून घातल्यास कच्ची लागते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी चिमूटभरच पुरे.