तिसरीतला मुलगा धडा पाठ म्हणतो, वाचत नाही. सुरुवात कुठून करू?

तिसरीच्या बाई

दोन महिने मी समजत होते की याचं वाचन छान आहे. घडाघडा वाचायचा, स्वल्पविरामाला थांबायचासुद्धा. परवा सहज जवळ गेले, तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात पाचवी. पुस्तक हळूच मिटलं, तरी धडा चालूच. मग त्याच धड्यातला 'विहीर' हा एकटा शब्द फळ्यावर लिहिला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हा आपल्याला अजून शिकवला नाही."

लिहिताना 'मीत्र', 'दुध'. निबंध दीड ओळीचा, त्यावर माझ्या लाल खुणाच जास्त. आता तर वही पुढे करायलाही घाबरतो. माझ्या इतके दिवस लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतंय. वाचन, व्याकरण, लेखन, आधी काय हातात घेऊ?

पहिली-दुसरीचे गुरुजी

बाई, निबंध आणि व्याकरण महिनाभर बाजूला ठेवा. आधी अक्षरओळख तपासा, आणि ती क्रमाने मुळीच नको. बाराखडी चालीवर म्हणता येते; 'म' ओळखू न येता 'म मा मि मी' म्हणणारी मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. एकेका चिठ्ठीवर एकेक अक्षर लिहा, चिठ्ठ्या पिसा आणि दाखवत जा. चटकन आली ती एकीकडे, अडखळला ती दुसरीकडे. बहुतेक घ-ध, भ-म, थ-य अशा जोड्या निघतील. जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं.

पुढे काना-मात्रा नसलेले शब्द: घर, नळ, वड. इथे चूक आपलीच होते. आपण 'घऽ', 'रऽ' असं लांबवून म्हणतो आणि मूल 'घऽरऽ' असं जोडतं. तसा शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो, मग अर्थ कुठून लागणार? बोलताना शेवटच्या 'र'मधला 'अ' गळतो. म्हणून बोट अक्षरागणिक न टेकवता शब्दाखालून सरकवा आणि 'घर' एका दमात म्हणा.

पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. 'स्थिर'मध्ये तर ती 'स्'च्याही आधी उभी असते, उच्चार मात्र 'थ'नंतर. तुमचा मुलगा 'विहीर'पाशी अडला त्याचं कारण कदाचित हेच असेल. मी वेलांट्या वेगळ्या रंगाने लिहून द्यायचो, खूप फरक पडायचा.

जोडाक्षरं सगळ्यात शेवटी, आणि त्यातही 'र' अगदी शेवटी. सूर्य, चक्र, ट्रक, प्रत्येकात त्याचं रूप वेगळं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत तर अर्थच बदलतो.

शुद्धलेखनवाली मावशी

'दुध'बद्दल थोडं. नियम पाठ करायला लावू नका, कानाने शिकवा. 'दूध' म्हणा, मग 'दुधात' म्हणा. ऊ आखडलेला ऐकू येतो. फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला. मुलं अशा जोड्या आवडीने शोधतात, माझी भाची जेवतानाही शोधायची. एखादं मूल 'गीत-गितात' लिहील, तेव्हा रागावू नका, कारण त्याने नियम बरोबर ओळखलेला असतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तसेच राहतात (गीतात, शरीराला), एवढं तेव्हा सांगितलं की पुरे.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हा १९६२च्या नियमांतला नियम लहान मुलांना सगळ्यात सोपा जातो: कवी, पाटी, गुरू. अपवाद म्हणून 'आणि' हा एक शब्द आधी दाखवा.

चौथीची ताई

गुरुजींशी बाकी सगळ्यात सहमत, पण लेखन महिनाभर बंद ठेवू नका. वही पुढे करायला घाबरणारं मूल महिन्याने आणखी घाबरेल. त्याला बोलू द्या आणि तुम्ही लिहा. 'माझा आवडता प्राणी' नको, 'आज मधल्या सुट्टीत काय झालं' विचारा. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरात उतरवा आणि तोच कागद त्याला वाचायला द्या. हे वाक्य धड्यातलं नाही, त्यामुळे पाठ नसतं, पण अर्थ आधीच माहीत असतो.

आणि लाल पेन कृपा करून ठेवून द्या. एका वेळी एकच गोष्ट बघा. या आठवड्यात फक्त पूर्णविराम, बाकीच्या चुका दिसल्या तरी खूण करू नका.

तिसरीच्या बाई

आठ दिवसांनी लिहितेय. चिठ्ठ्यांमध्ये ११ अक्षरं चुकली. घ-ध होतीच, शिवाय थ-य. तिसरीपर्यंत ही ११ अक्षरं कुणाच्या लक्षात आली नाहीत, माझ्याही नाही.

ताई म्हणाल्या तसं बोलतं केलं. भिंतीवरच्या पालीबद्दल भडाभडा सांगितलं. मी लिहिलं: 'पालीची शेपटी तुटली. तुटली तरी ती वळवळत होती.' एकही जोडाक्षर नाही, हे लिहून झाल्यावर ध्यानात आलं. कागद हातात दिला. 'वळवळत'पाशी अडला. मी गप्प बसले. त्याने बोटाने शब्दाचा मागचा भाग झाकला, 'वळ' वाचलं, बोट सरकवलं, पुन्हा 'वळ'. मग "बाई, दोनदा तेच आहे!" म्हणून एवढा हसला की शेजारची दोघं उठून बघायला आली.

कागद घरी न्यायचा हट्ट धरला, दिला. आता चुकलेल्या चिठ्ठ्या ९ उरल्यात. 'घ' झालाय, उद्यापासून 'ध'.