आटलेल्या ओढ्याच्या गाळातील सूक्ष्मजीव आणि पहिला पाऊस

येऊरवाट:
ठाण्यात येऊरच्या डोंगरातून उतरणारे कित्येक ओढे उन्हाळ्यात आटतात आणि पावसापर्यंत पात्रात गोटे, वाळू व भेगाळलेला गाळ एवढेच उरते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मला या गाळाचा अभ्यास करायचा आहे. उन्हाळ्यात त्यातील जिवाणू मरतात की तग धरून राहतात, आणि नमुने पाणी येण्याआधी घ्यावेत की आल्यावर, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गाळवाचक:
पुष्कळ मरतात, पण सगळे नव्हेत. गाळ सावकाश वाळला तर पेशींना तयारीला अवधी मिळतो; त्या प्रोलीन, ट्रेहॅलोज यांसारखी द्रव्ये आत साठवून पाणी धरून ठेवतात आणि भोवती बहुशर्करांचा चिकट लेप तयार करतात. बॅसिलससारखे जिवाणू बीजाणूंच्या रूपात दीर्घकाळ टिकतात. पात्रात परिस्थितीही सर्वत्र सारखी नसते: गोट्याच्या तापलेल्या माथ्यावर शेवाळाची खपली नखाने सुटते, तर तोच गोटा उचलला की खालचा गाळ पुष्कळदा बोटाला दमट लागतो.

मात्र माझ्या मते खरी कसोटी भिजण्याच्या वेळी लागते. कोरड्या गाळावर पाणी एकदम आले की ते पेशींत वेगाने शिरते आणि साठवलेली द्रव्ये तातडीने बाहेर टाकता आली नाहीत, तर पेशी फुटतात. बाहेर पडलेली द्रव्ये, फुटलेल्या पेशी आणि मातीच्या कणांत अडकलेला सेंद्रिय अंश वाचलेल्या जिवाणूंना आयता मिळतो, त्यामुळे काही तासांतच श्वसन उसळते व कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात सुटतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेत काम करताना १९५८ साली मातीबाबत याचे वर्णन केले, म्हणून यास बर्च परिणाम म्हणतात. तेव्हा नमुने पावसाआधीच घ्या. ओढा वाहू लागल्यावर गेलात, तर ही उसळी हातून निसटलेली असेल.

खाडीपलीकडे:
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त नायट्रोजनकडे दुर्लक्ष होऊ नये. गाळ वाळताना भेगांतून ऑक्सिजन आत जातो आणि ओल पुरेशी असेपर्यंत जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. पुढे पाण्याने छिद्रे भरली आणि उसळलेल्या श्वसनात ऑक्सिजन संपला, की विनायट्रीकरण करणारे जिवाणू त्याच नायट्रेटवर जगतात व नायट्रोजन वायूबरोबर काही नायट्रस ऑक्साइडही सुटतो. मिथेन निर्माण करणाऱ्यांना ऑक्सिजन मानवत नाही, त्यामुळे त्यांची क्रिया सावरायला सहसा अधिक काळ लागतो.

जागेची निवडही जपून करावी. डोंगरातला ओढा वस्तीत आल्यावर सांडपाण्यामुळे बारमाही नाला होतो, म्हणून नमुने वस्तीच्या वरच्या अंगाला घ्यावेत. उल्हास नदी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही वाहते, त्यामुळे या प्रश्नासाठी ती उपयोगाची नाही.

येऊरवाट:
मनःपूर्वक आभार. आमच्या प्रयोगशाळेत वायू मोजण्याचे यंत्र नाही. ही उसळी अन्य मार्गाने मोजता येईल का?

गाळवाचक:
अवश्य. घट्ट झाकणाच्या बरणीत ठरावीक वजनाचा गाळ घेऊन शुद्ध पाण्याने भिजवा आणि आत सोडियम हायड्रॉक्साइडची लहान कुपी उघडी ठेवा. सुटलेला कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जातो. नंतर बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटचा साका पाडा आणि उरलेल्या अल्कलीचे हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करा. पहिल्या दिवशी कुपी दर काही तासांनी बदला, कारण दिवसाअखेरीस एकदाच मोजल्यास उसळीचा आकार समजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वजा करण्यासाठी गाळाविना एक बरणी, आणि तुलनेसाठी न भिजवलेल्या गाळाची दुसरी बरणी ठेवाच. ओल काढण्यासाठी गाळाचा वेगळा भाग १०५ अंश सेल्सिअसला वाळवा. श्वसनासाठीचा गाळ मात्र भट्टीत घालू नका.