मदत हवी आहे: पाळीआधीची चिडचिड आणि छाती दुखणे, व्हायटेक्स किती घ्यावं?

निळाई
पाळीच्या आधीचा आठवडा नकोसा झालाय. छाती इतकी जड होते की कुशीवर झोपता येत नाही, जिना उतरताना हात छातीशी धरावा लागतो. वर कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जाते. व्यायाम करा, पाणी प्या हे कृपया सांगू नका, सगळं करून झालंय. एक हर्बल कॅप्सूल चालू आहे, तिने मूड जरा बरा वाटतो, छातीला मात्र काही फरक नाही. जोडीला व्हायटेक्स ही वनौषधी घ्यायचं ठरवलंय. डोस कुणी सांगेल का? तारीख जवळ आली आहे.

अबोली
मी घेतलंय. सुरुवातीला काहीच वाटलं नाही, सोडून देणार होते, पण नंतर छातीचं दुखणं नक्की कमी झालं. चिडचिडीवर शून्य फरक. या पाळीला गुण येईल असं समजू नका. तुमचं वय काय? ती कॅप्सूल कशाची आहे?

कुंपणावरची
व्हायटेक्स म्हणजे आपली निर्गुंडीच की! बाटलीबंद कशाला घेता? ताजा पाला मिळत असेल तर त्याचा काढा करा.

औषधवाला
ताई, निर्गुंडी वेगळी. कूळ एकच, पण ती व्हायटेक्स नेगुंडो आणि पीएमएस म्हणजे पाळीआधीच्या त्रासासाठी वापरतात ते व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कास्टसचं फळ. एकीचे गुण दुसरीला लावू नका. फळाच्या अर्काची २००१ साली १७० स्त्रियांवर चाचणी झाली होती. तीन पाळ्यांनंतर अर्क घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणींचा त्रास निम्मा किंवा त्याहून कमी झाला, नुसती खोटी, म्हणजे आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत साधारण चौथा हिस्सा. म्हणजे उपयोग आहे, पण तो त्या ठरावीक अर्काचा, त्यामुळे नुसता मिलिग्रॅमचा आकडा सांगून भागत नाही.
निळाई, डोस नंतर. आधी कॅप्सूलच्या डब्यामागचं बारीक अक्षरातलं टाइप करा. आणि बाकी काय औषधं चालू आहेत?

शेवंता
आलं घे गं. पाळीच्या पहिल्या दिवशी पोटात कळा आल्या की आल्याच्या गरम पाण्याने मला हमखास बरं वाटतं.

केतकी
शेवंताताई, कळांबद्दल तिने विचारलेलंच नाही. तिचा त्रास पाळीच्या आधीचा आहे.

निळाई
वय ३४. थायरॉईड नॉर्मल. डब्यावर लिहिलंय: हायपेरिकम परफोरेटम अर्क ३०० मिग्रॅ, दिवसातून तीनदा. गोळी सोडली तर औषध काहीही नाही. आता डोस सांगा.

केतकी
गोळी म्हणजे कसली?

निळाई
अहो, गर्भनिरोधक. कितीतरी वर्षं घेतेय, ते काय औषध आहे का! हल्ली अधूनमधून डाग दिसतात, पण ते ताणामुळे असणार. माझा प्रश्न छातीचा आहे.

औषधवाला
व्हायटेक्स राहू द्या बाजूला. हायपेरिकम म्हणजे सेंट जॉन्स वर्ट, उदासीवर घेतात ती वनौषधी. त्याने यकृतातली एन्झाइम वाढतात आणि गोळीतले हार्मोन शरीरातून लवकर निघून जातात. मधेच डाग लागणं हे त्याचंच लक्षण असू शकतं. म्हणजे गोळी चालू असूनही दिवस राहू शकतात. याबद्दल ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१४ साली इशारा दिला होता. कॅप्सूल थांबवा आणि थांबवल्यावरही चार आठवडे निरोध वापरा. आधी गर्भचाचणी करून घ्या. व्हायटेक्सही हार्मोनवर काम करतं, त्यामुळे गोळीबरोबर नकोच, आणि दिवस राहिले असतील तर अजिबात नको.

कुंपणावरची
झालं, घाबरवलंत बिचारीला. झाडपाल्याने कधी अपाय होतो का? सगळं खापर वनस्पतीवर, त्या हार्मोनच्या गोळीला कुणी काही म्हणत नाही.

औषधवाला
मूडवर ज्याने गुण येतो त्याने दुसऱ्या औषधावरही परिणाम होऊ शकतो. त्यात ताकद आहे म्हणूनच जपायचं. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर हेच हायपेरिकम त्यांच्याबरोबर याहून घातक.

केतकी
दोघं थांबा जरा. गोळीबद्दल कुंपणावरचीचं अगदीच चूक नाही. नेहमीच्या मिश्र गोळीने बीज बाहेर पडणंच थांबतं, त्यामुळे निळाईचा त्रास नेहमीचा पीएमएस आहे की गोळीचाच परिणाम, हे आधी बघायला हवं. त्रास गोळीच्या सुट्टीच्या आठवड्यात वाढतो की आधीच? सलग दोन पाळ्या रोज लिहून ठेव: छाती, झोप, राग, आणि त्या दिवशी गोळी घेतली की सुट्टी होती. माझ्या डॉक्टरांनी वहीची पानं बघून गोळी बदलली, कमी सुट्टीची दिली. आणि राग सोडून जगणंच नको असं मनात येत असेल तर वही भरायची वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

मैत्रेय
अवांतर: बायको इव्हनिंग प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूल घेते. चालू ठेवाव्यात का? आणि त्या दिवसांत नवऱ्याने नेमकं काय करावं?

अबोली
त्या तेलाचा नीट घेतलेल्या चाचण्यांत खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायकोलाच विचारा, पण पाळी होऊन गेल्यावर, निवांत असताना.

निळाई
चाचणी केली, निगेटिव्ह आहे. कॅप्सूल बंद केली. डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, पण उशिराची. तोवर गोळीला बाधा न आणणारं काही आहे का? छाती आजही ठणकतेय.

औषधवाला
कॅल्शियम. वनौषधी नाही, पण १९९८ च्या मोठ्या चाचणीत दिवसाला १२०० मिग्रॅ घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत जवळपास निम्म्याने उतरला, खोट्या गोळीवाल्यांचा ३० टक्क्यांनी. आजच्या ठणक्याला मात्र त्याचा उपयोग नाही. त्यासाठी नीट मापाची, आधार देणारी ब्रा, रात्रीसुद्धा. कॅल्शियम एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर नको, आणि आहारातून येणारं त्या १२०० मध्येच धरा. मूतखडा झाला होता का कधी? आणि लोहाच्या गोळ्या?

निळाई
मूतखडा नाही. लोह चालू आहे, रात्रीचं.

औषधवाला
मग कॅल्शियम सकाळी आणि दुपारी, खाण्याबरोबर. लोहाजवळ नेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. आणि डॉक्टरांकडे जाताना तो कॅप्सूलचा डबा, गोळीचं पाकीट, लोहाच्या गोळ्या, सगळं पिशवीत घालून न्या.