आधी शाळा की आधी गिरणी?

तिरकस: काल इथे कुणीतरी छातीठोकपणे लिहिलंय, “शाळा निघाल्या म्हणून औद्योगिक क्रांती झाली.” राहवलं नाही. इंग्लंडातल्या क्रॉमफर्डची सूतगिरणी १७७१ची, उभारणारा आर्कराइट मूळचा न्हावी. रेल्वेवाला स्टीफन्सन अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर. इंग्लंडात सरकारी शाळांचा कायदा आला १८७० साली. वरातीमागून घोडं! उलट स्वीडनमध्ये घरोघरी वाचता येत होतं, तरी देश गरीबच.

जुनी_वही: कालचं मीच लिहिलंय. दोन माणसं सापडली की झाला सिद्धांत? इंग्लंड पहिला, त्याला कुणाचं बघून करायचं नव्हतं. मागून येणाऱ्याला आधी दुसऱ्याचं वाचावं लागतं. जपानने शाळांचा हुकूम काढला १८७२ला, तोमिओकाची रेशीम गिरणीही त्याच वर्षीची.

तिरकस: आणि शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या, ते गाळलंत. कामाची पोरं गेली, वर फी यांनीच भरायची!

लेथवाला: बत्तीस वर्षं लेथवर काढली. दशांश शाळेत पाठ होते, तरी पहिल्या आठवड्यात तीन जॉब बाद. उस्ताद चौथी नापास, नुसतं बोट फिरवून सांगायचे, “अजून घे थोडं.” शाळेनं मला फक्त घंटेला उठायला शिकवलं.

जुनी_वही: उस्तादांना ड्रॉइंग कोण वाचून दाखवायचं?

लेथवाला: मी. पण मुद्दा तो नाही.

जुनी_वही: नाही कसा, तोच आहे!

कोपऱ्यातली: मुळात साक्षर कुणाला म्हणताय? इंग्लंडचे आकडे लग्नाच्या नोंदवहीतल्या सह्या मोजून काढलेत. १८४०च्या सुमारास साधारण दोन तृतीयांश नवरे सही करायचे, नवऱ्या निम्म्याच. माझी आजी पेपर अडखळत का होईना वाचायची, सहीला मात्र अंगठा. तिकडेही वाचन आधी शिकवायचे, लिहिणं नंतर. म्हणजे सहीच्या जागी फुली मारणारी प्रत्येक बाई अडाणी नव्हती.

तिरकस: आजी कशाला मध्ये? सही हाच एक धड पुरावा आहे.

कोपऱ्यातली: धड? १८३३च्या कायद्याने गिरणीतल्या पोरांना रोज दोन तास शाळा सक्तीची केली. हजेरीच्या काही दाखल्यांवर मास्तरच फुली मारायचे! माझ्या आजीला नावं ठेवण्याआधी ते मास्तर बघा.

तिरकस: आजीला कोण काय म्हणालं? बरं बाई, वाचता येत होतं. जुनी_वही, तुम्हालाही घ्या: सुताला शाळा लागली नाही, पुढे रसायनं नि विजेला लागली. पण तो ‘म्हणून’ खोडा.

जुनी_वही: खोडला. उपकार झाले.

लेथवाला: ड्रॉइंग मी वाचायचो, पण जॉब उस्तादच काढायचे. हे कुणी लक्षातच घेत नाही.