गोल्फच्या जागी काय लिहावे? एसएफ-३६ प्रश्नावली मराठीत आणताना

प्रश्न
गुडघेदुखी असलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासासाठी मी एसएफ-३६ ही आरोग्यविषयक प्रश्नावली मराठीत आणत आहे. मूळ अमेरिकी प्रश्नावलीत मध्यम श्रमांची उदाहरणे म्हणून टेबल हलवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग (जड चेंडू घरंगळत सोडून खुंट्या पाडण्याचा खेळ) आणि गोल्फ दिले आहेत. चालण्याचे अंतर मैलांत आणि ‘ब्लॉक’मध्ये (शहरातील एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचे अंतर) विचारले आहे. हे बदलले तर परदेशातील गुणांशी तुलना करता येईल का, आणि तसेच ठेवले तर उत्तरांना काही अर्थ उरेल का? उलट-भाषांतर (मराठी मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत आणून मुळाशी ताडून पाहणे) करून घेतले की पुरे, असे मार्गदर्शकांचे मत आहे.

प्रतिसाद १
बदलावे लागेलच. इंग्लंडच्या आवृत्तीतही ‘ब्लॉक’ टिकला नाही. तेथे अर्धा मैल आणि १०० यार्ड असे विचारतात. मात्र शारीरिक क्षमतेच्या १० प्रश्नांमध्ये अवघड ते सोपे अशी श्रमांची एक उतरंड आहे आणि गुणांचा अर्थ तिच्यावरच अवलंबून आहे. त्यामुळे नवे काम ओळखीचे असून भागत नाही, ते त्याच पायरीचे असावे लागते. विहिरीवरून भरलेली घागर आणणे हे गोल्फच्या जागी घातले, तर मध्यम श्रमांचा प्रश्न नकळत जड श्रमांचा होईल. पूर्वचाचणीत काही स्त्रियांना दहा-बारा कामे श्रमांच्या क्रमाने लावायला सांगावीत आणि त्यातून निवड करावी. आणखी एक अडचण जिन्याच्या प्रश्नाची आहे. कौलारू बैठ्या घरात राहणारी बाई ‘मुळीच त्रास होत नाही’ असे सांगते, कारण ती जिना चढतच नाही. ‘जमत नाही’ आणि ‘करावे लागत नाही’ यांतील फरक मुलाखत घेणाऱ्यांना आधीच समजावून द्यावा.

प्रतिसाद २
उलट-भाषांतराविषयी सावध राहावे. याच प्रश्नावलीत उदासीसाठी ‘ब्लू’ हा शब्द आहे. कोणी त्याचे ‘निळे’ केले, तर उलट-भाषांतरात ‘ब्लू’ अचूक परत येईल आणि तपासणी उत्तीर्ण होईल! युरोपियन सोशल सर्व्हे या अनेक देशांत होणाऱ्या सर्वेक्षणात म्हणूनच दोन स्वतंत्र भाषांतरे, एकत्र बसून चर्चा, निर्णय, पूर्वचाचणी आणि प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद असा क्रम असतो.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. ‘माझी तब्येत पुढे बिघडेल असे मला वाटते’ या विधानावर मात्र बहुतेक जणी ‘असे अभद्र कशाला बोलायचे’ म्हणून थांबतात.

प्रतिसाद ३
तो नकार तब्येतीविषयी नसून वाक्य उच्चारण्याविषयी आहे. विधान मुलाखत घेणाऱ्याने वाचावे आणि उत्तर देणारीने केवळ पर्याय लिहिलेल्या कार्डावर बोट ठेवावे; तरीही संकोच दिसला, तर तशी नोंद करून त्या प्रश्नाचे विश्लेषण वेगळे पाहावे. उत्तरांचे पर्यायही तपासावेत. मूळ आवृत्तीत ‘बहुतेक वेळ’ आणि ‘काही वेळ’ यांच्यामध्ये आणखी एक पर्याय होता, तो दुसऱ्या आवृत्तीत वगळला आहे, तेव्हा आपल्या हाती कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानविषयक प्रश्नावली नवी दिल्ली आणि चेन्नईसह १५ केंद्रांत एकाच वेळी घडवली गेली, तेव्हा प्रत्येक भाषेतील लोकांकडून ‘कधीच नाही’ आणि ‘नेहमी’ यांसारख्या दोन टोकांमधल्या रेषेवर शब्दांच्या खुणा करून घेतल्या होत्या आणि २५, ५० व ७५ टक्क्यांच्या आसपास पडणारे शब्द निवडले होते. ‘थोडा वेळ’, ‘अधूनमधून’, ‘बराच वेळ’ यांच्यासाठी आपणही हे वीस-पंचवीस जणींबरोबर एका दुपारी करू शकाल.